आळस नव्हता, लोह कमी होतं

गेल्या पावसाळ्यात कशातच मन लागेना. धुतलेल्या कपड्यांचा ढीग खुर्चीवर तसाच. घड्या घालायचंही जिवावर यायचं. शिलाई मशीनला तर हातच लागला नव्हता. घरचे म्हणायचे, 'जरा मनावर घे.' मनावर घेण्याइतकी ताकद असती तर आणखी काय हवं होतं!

डॉक्टरांनी मात्र आधी रक्त तपासायला लावलं: सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी-१२ जीवनसत्त्व. थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन ९.४. बायकांमध्ये (गरोदरपण सोडून) १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. जेवणावरचा चहा बंद, कारण तो लोह नीट शोषू देत नाही, गोळी लिंबूपाण्यासोबत. शौचाला काळी होते, घाबरू नका. आणि आकडा सुधारला म्हणून गोळ्या लगेच सोडायच्या नसतात. शरीरातला साठा भरायला आणखी काही महिने लागतात.

अंगात जीव आला, पण कामाची सवय मोडली होती. मग मूडची वाट न बघता नुसतं मशीनचं झाकण काढायचं, सुई ओवायची. बरेचदा तेवढ्यावरच थांबायचे. कधी उशीचा अभ्रा शिवून व्हायचा. मानसोपचारात यालाच बिहेविअरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात.

रिपोर्ट चांगले असूनही दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.