देवगिरीची तिजोरी: क्रुसेडर किंग्ज ३ मध्ये बांधकामांचे नियोजन कसे करावे

मराठवाड्यातल्या खेळाडूने मध्ययुगीन राज्य चालवण्याचा क्रुसेडर किंग्ज ३ हा संगणक खेळ पहिल्यांदा उघडला की नकाशा आपोआप दख्खनकडे सरकतो. पैठण कुठे आहे, देवगिरी कुठे आहे, हे आधी बघितले जाते. राज्य तिथूनच सुरू करा, असेच मी सांगेन. ८६७ ची सुरुवात निवडली तर दख्खनवर राष्ट्रकूटांचे राज्य असते, १०६६ निवडली तर कल्याणीच्या चालुक्यांचे. दोन्ही वेळी आपला भाग मोठ्या सत्तेच्या पोटात असतो, आणि लहान सरदाराला वर यायचे असेल तर पैसा नीट लावण्याला पर्याय नाही.

या खेळात बिल्डिंगवर घातलेला पैसा वसूल व्हायला साधारण एक पिढी जाते. त्यामुळे बिल्डिंग किती देईल हे बघण्याआधी ती कोणाला देईल हे बघायचे. बहुतेक मार्गदर्शनात उत्पन्नाचे तक्ते आधी येतात आणि वारसाहक्क शेवटी. माझ्या मते हा क्रम उलटा हवा.

पहिली पायरी: वाटणी बघा

सुरुवातीच्या काळात बहुतेक राज्यांत वाटणीचा कायदा असतो. राजा गेला की काउंट्या (जिल्ह्यासारखे प्रदेश) मुलांमध्ये विभागल्या जातात. वारसाहक्काच्या खिडकीत कोणत्या मुलाला काय जाणार आहे ते स्पष्ट दिसते. तुम्ही तिसऱ्या काउंटीत सुंदर शेती उभी केली आणि ती धाकट्याच्या वाट्याला गेली, तर तुमच्या पुढच्या राजाला त्यातले फार तर मांडलिकाच्या करापुरते मिळेल. तो धाकटा स्वतंत्र झाला तर तेही नाही.

राजधानीची काउंटी मात्र मुख्य वारसाकडेच जाते, आणि त्या काउंटीतले तुमच्या ताब्यातले किल्लेही तिच्याबरोबर जातात. म्हणून पहिले गोल्ड (खेळातला पैसा) राजधानीत घाला, दुसरेही तिथेच. तिथले स्लॉट, म्हणजे बिल्डिंगच्या जागा, भरेपर्यंत बाहेर बघू नका. राजा पन्नाशीच्या पुढे गेला असेल तर हा नियम आणखी कडक पाळा. मग धाकट्यांच्या वाट्याच्या काउंट्यांत एक गोल्डही टाकायचे नाही.

दुसरी पायरी: राजधानी पारखून घ्या

राजधानी हलवता येते, आणि ती लवकर हलवलेली बरी. तीन गोष्टी बघा. काउंटीत बॅरन्या, म्हणजे किल्ला किंवा शहर उभारायच्या जागा, किती आहेत? रिकामी बॅरनी असेल तर तिथे पुढे स्वतःचा दुसरा किल्ला बांधता येतो आणि तो वाटणीत हातचा जात नाही. जमीन कोणती आहे? सुपीक शेतजमीन सर्वांत चांगली, डोंगराळ भाग आणि जंगल त्या मानाने मागे. कोणत्या आर्थिक बिल्डिंगा बांधता येतील हेही जमिनीवरच ठरते. तिसरी गोष्ट म्हणजे ती काउंटी डचीची, म्हणजे काही काउंट्यांच्या गटाची, मूळ राजधानी आहे का. तशी असेल तर डचीच्या खास बिल्डिंगचा जादा स्लॉट मिळतो. पण डचीचा किताब तुमच्याकडे असेल तरच ती बिल्डिंग काम करते. राजा झाल्यावर दोनपेक्षा जास्त डच्या स्वतःकडे ठेवल्या की मांडलिक नाराज होतात, म्हणून त्या दोन डच्या कोणत्या हे आधीच ठरवून ठेवा.

डोमेन लिमिट, म्हणजे काउंट्या आणि किल्ले किती स्वतःकडे ठेवता येतात ती मर्यादा, विसरू नका. दुसरा किल्लाही त्यात मोजला जातो, आणि मर्यादा ओलांडली की उत्पन्नावर दंड बसतो. मर्यादा भरत आली असेल तर दूरची काउंटी एखाद्या विश्वासू माणसाला द्या आणि राजधानीतला किल्ला स्वतःकडे ठेवा. रिकाम्या जागेत शहर वसवले तर ते महापौर चालवतो आणि कराचा एक वाटा तुम्हाला देतो. डोमेन लिमिट अडलेली असताना हा मार्ग चांगला आहे.

तिसरी पायरी: महिन्यांत हिशोब करा

प्रत्येक बिल्डिंगच्या कार्डावर खर्च आणि महिन्याचे उत्पन्न लिहिलेले असते. खर्चाला उत्पन्नाने भागा. समजा एका शेतीला १५० गोल्ड लागतात आणि ती महिन्याला ०.५ देते. म्हणजे ३०० महिने, पूर्ण २५ वर्षे. वर बांधकामाची वर्षे वेगळी. जालन्याकडे मोसंबी लावणारा शेतकरी पहिली काही वर्षे नुसते पाणी घालतो, फळाची घाई करत नाही. इथेही मन तसेच तयार ठेवावे लागते.

आकडे आवृत्तीप्रमाणे बदलतात, म्हणून कोणाचा तक्ता पाठ करू नका. स्वतःच्या पडद्यावरचे कार्ड वाचा. आणि नवी बिल्डिंग बांधायची की जुनीचा स्तर वाढवायचा, हा प्रश्न दर वेळी याच भागाकाराने सोडवा.

आता याला डेव्हलपमेंट, म्हणजे काउंटीची भरभराट दाखवणारा आकडा, जोडा. काउंटीच्या डेव्हलपमेंटचा प्रत्येक अंक कर आणि लेव्ही (गरजेला गोळा होणारे साधे सैन्य) ०.५ टक्क्याने वाढवतो. डेव्हलपमेंट ४० झाली की २० टक्के वाढ, म्हणजे वरची ०.५ देणारी शेती ०.६ देऊ लागते आणि ३०० महिन्यांचे २५० होतात. म्हणून स्ट्युअर्डला (दरबारातल्या कारभाऱ्याला) राजधानीतच डेव्हलपमेंट वाढवायला बसवा. तो काम एका ठिकाणी करतोय आणि बिल्डिंगा दुसरीकडे उभ्या राहताहेत, असे होऊ देऊ नका. नव्या जिंकलेल्या काउंटीत कंट्रोल, म्हणजे तुमची पकड, कमी असतो आणि त्यामुळे उत्पन्नही कापले जाते. तिथे आधी मार्शलला (सेनापतीला) पाठवा, पैसे नंतर.

चौथी पायरी: क्रम ठरवा

राजधानीत आधी आर्थिक बिल्डिंग, आणि ती लवकरात लवकर. २५ वर्षांनी वसूल होणारी गोष्ट १० वर्षे उशिरा बांधली तर तिचा फायदाही १० वर्षे पुढे ढकलला जातो. एका होल्डिंगमध्ये (एका किल्ल्यात किंवा शहरात) एका वेळी एकच बांधकाम चालते. त्यामुळे राजधानीच्या काउंटीत दोन किल्ले असतील तर दोन कामे शेजारी शेजारी चालतात. दुसऱ्या किल्ल्याचा हा फायदा फारसा कोणी सांगत नाही.

वरचे स्तर शोधांवर अवलंबून असतात. शेतीसारख्या बिल्डिंगांसाठी मॅनोरियलिझम, मग विंडमिल्स, शेवटी क्रेन्स. मध्ययुगाचे नवे टप्पे ९००, १०५० आणि १२०० या वर्षांच्या आधी उघडत नाहीत. तुमचा राजा संस्कृतीचा प्रमुख असेल तर पुढचा शोध कोणता हे तुम्ही ठरवू शकता. बांधकामांवर खेळणाऱ्याने ही संधी सोडू नये.

राजाचे शिक्षण कारभाराचे असेल तर स्ट्युअर्डशिपमधली आर्किटेक्टची शाखा घ्या. त्यात बांधकाम स्वस्त आणि जलद होते. महागडे स्तर त्या सवलती मिळाल्यावरच सुरू करा.

पाचवी पायरी: सैन्य आणि तटबंदी

मेन-ॲट-आर्म्सची (कायम पदरी असलेल्या कसलेल्या सैन्याची) एक तुकडी एका होल्डिंगमध्ये तैनात करता येते, आणि तिथल्या लष्करी बिल्डिंगचे बळ त्याच तुकडीला मिळते. म्हणून आधी कोणते सैन्य वाढवायचे ते ठरवा. घोडदळ हवे असेल तर एका किल्ल्यात तबेले वाढवत न्या आणि घोडदळाची मोठी तुकडी तिथेच ठेवा. चार ठिकाणी चार प्रकार थोडे थोडे बांधले तर कुठलीच तुकडी भारी होत नाही.

तटबंदीबद्दल आपल्या मातीतलेच उदाहरण आहे. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर आला तेव्हा मुख्य सैन्य रामचंद्रदेवाच्या मुलाबरोबर बाहेर होते. किल्ला बुलंद होता, पण धान्य समजून आत नेलेली पोती मिठाची निघाली, असे सांगतात. मुलगा सैन्य घेऊन परतला आणि लढाई हरला. यादवांना जबर खंडणी द्यावी लागली. खेळातली तटबंदीही तेवढेच करते: वेढा लांबवते, वेळ मिळवून देते. त्या वेळात पोहोचणारे आणि जिंकणारे सैन्य नसेल तर त्या भिंतींचा उपयोग नाही. म्हणून तटबंदीचा स्लॉट सीमेवरच्या काउंटीत द्या. आतल्या भागात तो शेतीकडून काढून घेऊ नका.

शेवटची पायरी: राखीव गोल्ड आणि दर वर्षीची फेरी

तिजोरी कधीही शून्यावर आणू नका. कर्ज झाले की सैन्य दुबळे होते आणि शेजारी ते हेरतात. भाडोत्री सैन्याची एक मोठी टोळी घेता येईल एवढी रक्कम बाजूला ठेवा आणि तिच्यावर जे साठेल तेच बांधकामाला द्या.

वर्षातून एकदा खेळ थांबवून तीन खिडक्या बघा: वारसाहक्क, राजधानीचे स्लॉट आणि स्ट्युअर्डचे काम. नवा मुलगा जन्मला असेल तर वाटणी बदललेली असते, आणि पुढची बिल्डिंग कुठे हेही पुन्हा ठरवावे लागते. ऑटोसेव्ह जवळच्या अंतरावर लावून ठेवा. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो.