फळवाली गोल्डन एल चाखायची कशी, आमच्या नाशिकच्या पद्धतीने

एल म्हणजे बिअरचाच एक प्रकार. पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की फळ घातलंय म्हणजे बिअर गोड लागणार. आमच्याकडे मित्रमंडळीत दर वेळी हेच होतं, कॅनवर आंबा नाहीतर पेरू दिसला की पहिल्या घोटाला लोक तोंड वाकडं करतात आणि म्हणतात "अरे ह्यात आंबा कुठंय?" आंबा असतो, पण त्यातली साखर यीस्टने, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवाने, खाल्लेली असते. फळ बहुतेक वेळा पहिलं फर्मेंटेशन, म्हणजे आंबवणं, उरकल्यावर टाकतात, टाकीतलं यीस्ट अजून जिवंत असतं, त्याला ही नवी साखर मिळते आणि ते तिची दारू नि गॅस करून टाकतं. मागे उरतो तो फळाचा वास, आंबटपणा आणि सालीचा तुरटपणा. गोडी गेली की फळ ओळखायला आपल्याला जड जातं, कारण लहानपणापासून आपण आंबा गोडीसकटच ओळखलेला असतो.

हे मला माझ्या मामामुळे कळलं. मामाची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, थॉमसन जातीची. काढणीच्या आधी रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर मणी पिळून ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघतो, १८ च्या पुढे गेलं की खूश. पण यंत्र खिशात टाकल्यावर तो एक मणी तोंडात टाकतो आणि आधी फक्त साल चावतो, मला पण म्हणतो "साल चाव आधी, गोड काय कुणालाही कळतं." फळवाली एल चाखताना नेमकं हेच करायचंय, गोडी सोडून बाकीचं फळ शोधायचं. म्हणून माझा पहिला नियम असा की ज्या फळाची बिअर, ते फळ शेजारी ताजं कापून ठेवायचं. पेरूची असेल तर पेरूची फोड, सालीसकट. डाळिंबाची असेल तर सटाण्याकडचं भगवा जातीचं डाळिंब आणा, दाणे खा आणि दाण्यामागचा तो पिवळा पातळ पापुद्रा पण जरासा चावून बघा, बिअरमध्ये जीभ जी आवळते ती अशीच.

आता गोल्डन एल म्हणजे काय ते थोडक्यात. एलचं यीस्ट लागर ह्या बिअरच्या दुसऱ्या प्रकारातल्या यीस्टपेक्षा उबेत काम करतं, साधारण १८ ते २२ डिग्रीत, त्यामुळे यीस्टचा स्वतःचाच थोडा फळासारखा वास येतो. गोल्डन एल इंग्लंडात १९८० च्या दशकात पुढे आली, लागर पिणाऱ्यांना आवडेल अशी फिकट रंगाची, हलकी. अल्कोहोल साधारण ४ ते ५ टक्के, माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, त्याची चव सौम्य. फळासाठी ही बिअर बरी पडते ती ह्याचमुळे, मागे भाजक्या माल्टचा गोंगाट नसतो, फळ ऐकू येतं. आणि द्राक्षाचं म्हणाल तर बीजेसीपी ह्या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या २०२१ च्या यादीत ग्रेप एल असा वेगळा प्रकारच आहे, मामाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ नुसता हसत होता.

तयारीत माझा सगळ्यात जास्त जीव ग्लासवर. स्टीलचा पेला नको, मोठा मग पण नको, वाइनचा ग्लास असतो ना घरी, सुला वायनरीच्या टूरवरून आणलेला किंवा कुठलाही, वर जरा निमुळता, तो एकदम बेस्ट. स्वच्छ म्हणजे खरंच स्वच्छ पाहिजे, तेलाचा अंश असेल तर फेस टिकत नाही. आणि इथेच नाशिककरांची अडचण, कारण आपल्याकडे बिअर म्हटलं की समोर चिवडा. एक मूठ चिवडा खाऊन ग्लासला ओठ लावा आणि बघत राहा, ओठ लागले तिथून फेस विरायला लागतो, कडेला जाळी राहत नाही. शिवाय लसूण आणि तिखटाने जीभ अर्धा तास कामाची राहत नाही. मिसळ खाऊन तर चाखायला बसूच नका. चिवडा नंतर खा, पोटभर खा. चाखताना फक्त साधं पाणी आणि पावाचा तुकडा.

फ्रिजमधून थेट ओतायची नाही. एकदम गार बिअरला वासच येत नाही. ८-१० डिग्री बरी, म्हणजे थंडीत बाहेर काढून पंधरा मिनिटं थांबा, एप्रिल-मेमध्ये पाच मिनिटंही पुरतात, ग्लास हातात धरला की पुढचं काम उन्हाळाच करतो. एका वेळी १५० मिली ओता, जास्त नको, वर मोकळी जागा पाहिजे वास साठायला.

शक्य असेल तर आधी साधी गोल्डन एल, फळ न घातलेली, दोन घोट. त्यात काय काय आहे ते लक्षात ठेवा, मारी बिस्किटासारखा किंवा ज्वारीच्या लाह्यांसारखा माल्ट, हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, गवती चहाकडे जाणारा वास. मग फळवाली. आता जे वेगळं लागतंय ते फळाचं. हे केलं नाही तर फसायला होतं, कारण काही हॉप्सनाच आंब्याचा वास असतो, सिट्रा नावाचं हॉप त्यासाठीच प्रसिद्ध आहे, फळाचा तुकडा न घालता बिअर आंब्यासारखी दरवळते. फरक कसा ओळखायचा? माझा अनुभव असा की हॉप्सचा आंबा नाकात असतो पण गिळल्यावर मागे कडवटपणाच राहतो, खरं फळ असेल तर आंबट आणि किंचित तुरट काहीतरी गालांच्या आत रेंगाळतं.

वास घेताना वाइनसारखं गरागरा फिरवू नका, गॅस निघून जातो, एक हलका फेर पुरे. तीन छोटे श्वास. मग स्वतःला विचारा, घरचा आमरस आहे की लग्नातलं आम्रखंड? हा प्रश्न मला फार उपयोगी पडलाय. आमरसात जरा डिंकासारखा, देठाजवळचा वास असतो, आम्रखंडात एकच सरळ गोड इसेन्सचा वास, पहिल्या सेकंदाला भरपूर आणि मग गायब. फळ शिजवून घातलं असेल तर मुरंब्यासारखं लागतं, ते काही वाईट नाही पण ताज्यापेक्षा वेगळं. बिअर गढूळ दिसली तर घाबरू नका, फळातल्या पेक्टिनमुळे, म्हणजे जॅम घट्ट करणाऱ्या घटकामुळे, ती तशी दिसते.

मग घोट. एक प्रयोग कराच, नाक चिमटीत धरा, घोट घ्या, तोंडात फिरवा, फक्त आंबट, कडू आणि बुडबुडे कळतील. आता गिळा आणि नाक सोडा. घशामागून वर जो वास चढतो तो फळाचा, एकदम दिवा लावल्यासारखा. पेरूच्या बाबतीत तर मी शहारलो होतो, नाक सोडलं आणि थेट पिकलेल्या पेरूच्या पाटीजवळ उभा. आणि हो, बिअर थुंकायची नाही, वाइनच्या टूरवर थुंकायला शिकवतात ते इथे चालत नाही, बिअरचा कडवटपणा गिळल्यानंतर खरा कळतो.

बिघडलेली कशी ओळखायची तेही सांगतो, नाहीतर फळाला उगाच दोष जातो. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे जुनी झाली, हवा लागली. उकडलेल्या कणसाचा, लोण्याचा किंवा कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास, हे सगळे बनवतानाचे दोष, फक्त सफरचंदाची बिअर असेल तर जरा विचार करून बोला. आणि ऊन. बिअरमधल्या हॉप्सवर ऊन पडलं की कुजकट, जळक्या रबरासारखा वास येतो. मी एकदा एका दुकानातून चार हिरव्या बाटल्या घेतल्या, दुकानदाराने त्या दर्शनी काचेत मांडलेल्या, दुपारचं ऊन थेट त्यावर, चारही ओतून द्याव्या लागल्या. तेव्हापासून मी आतल्या फ्रिजमधलाच माल मागतो, कॅन असेल तर कॅन, नाहीतर तपकिरी बाटली, आणि पॅकिंगची तारीख बघितल्याशिवाय पैसे देत नाही, कारण फळाचा वास सगळ्यात आधी उडतो.

तीन प्रकारांच्या वर एका बैठकीत घेऊ नका, नाक थकतं. गाडी चालवायची असेल तर चाखणं दुसऱ्या दिवशी, रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि घोट घोट म्हणता ती कधी ओलांडते कळत नाही. २१ च्या आतल्या भावंडांना ताटातलं फळ द्या, ग्लास नाही.

शेवटचे दोन घोट ग्लासात तसेच ठेवा, वीस मिनिटं विसरा. उबेला आल्यावर परत वास घ्या, माझ्या वहीत निम्म्या नोंदी ह्या शेवटच्या दोन घोटांच्या आहेत. आणि ग्लास रिकामा झाला की लगेच विसळू नका, तळाशी नाक घाला, द्राक्षाची असेल तर तिथे सालीचा वास बसलेला असतो, मामा मणी चावतो ना, तोच.