रिदमबॉक्समध्ये शेअर दिसतो, पण गाणी येत नाहीत: माझा अनुभव

लक्षण असं: दोन्ही संगणकांवर उबुंटू (लिनक्स प्रणाली) आणि रिदमबॉक्स हा संगीत वाजवणारा प्रोग्राम. एकावर डीएएपी (घरच्या नेटवर्कवर संगीत वाटून घेण्याची पद्धत) प्लगइनमधून संगीत शेअर केलेलं. दुसऱ्याच्या डाव्या पट्टीत शेअरचं नाव येतं, पण क्लिक केलं की बराच वेळ काहीच नाही आणि शेवटी जोडणी होत नाही.

प्लगइन बंद-चालू, अवाही (नेटवर्कवरच्या सेवा शोधून देणारा प्रोग्राम) रीस्टार्ट, राउटर रीस्टार्ट, कशाचाही उपयोग नाही. नाव समोर दिसत असताना गाणी मिळू नयेत, याने डोकं उठलं.

कारण फायरवॉल. नाव यूडीपी ५३५३ या पोर्टवरून (नेटवर्कच्या क्रमांकित दारातून) येतं आणि ते यूएफडब्ल्यू, म्हणजे उबुंटूचा फायरवॉल, मुळातच आत सोडतो. गाणी मात्र टीसीपी ३६८९ वरून येतात. तो पोर्ट बंद असतो.

बदल गाणी असलेल्या संगणकावरच करायचा. तिथे जीयूएफडब्ल्यू (यूएफडब्ल्यूची खिडकीवाली आवृत्ती) उघडा, 'रूल्स'मध्ये अधिक चिन्ह दाबा, 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅब निवडा. पॉलिसी 'अलाउ', दिशा 'इन', प्रोटोकॉल टीसीपी. 'फ्रॉम'मध्ये घरच्या नेटवर्कचा पट्टा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.०/२४, 'टू'च्या पोर्टात ३६८९. नियम जोडा आणि मग दोन्हीकडे रिदमबॉक्स बंद करून उघडा, आधी शेअर करणारा. 'फ्रॉम' रिकामं ठेवू नका, नाहीतर पोर्ट सगळ्यांनाच उघडा होतो.

त्याच संगणकावर ओनटोन हा दुसरा संगीत-सर्व्हर चालू असेल तर ३६८९ त्याने धरलेला असतो आणि रिदमबॉक्स गुपचूप दुसरा पोर्ट घेतो. मग वरचा नियम निरुपयोगी. ओनटोन आधी थांबवा.

नावच दिसत नसेल तर प्रश्न वेगळा: एक संगणक गेस्ट वायफायवर नाही ना, ते पाहा.