गोंगाटात बोलणं कळत नाही? मग या चुका टाळा

मंगल कार्यालयात बँड वाजतोय, पंगतीत भांड्यांचा आवाज, चारी बाजूंनी गप्पा, आणि अशात काकांना काही विचारलं की ते म्हणतात "ऐकू येतंय रे, पण काय म्हणतोस ते कळत नाही". घरचे लगेच म्हणणार, यांचं लक्षच नसतं. पण काका खरं तेच सांगतायत. कानात सगळे आवाज एकत्रच शिरतात, त्यातून एका माणसाचं बोलणं वेगळं काढायचं काम मेंदूचं असतं. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मेसगरानी आणि चँग या संशोधकांनी एपिलेप्सीच्या पेशंट्सना एकाच वेळी दोन माणसांचं बोलणं ऐकवलं, उपचारासाठी त्यांच्या मेंदूवर आधीच इलेक्ट्रोड (मेंदूतले विजेचे सिग्नल टिपणारी साधनं) बसवलेले होते, आणि त्या सिग्नलमध्ये मुख्यतः ज्याच्याकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं त्याचंच बोलणं दिसलं. म्हणजे नुसता आवाज वाढवून भागत नाही, मेंदूचं काम सोपं करायला लागतं, आणि आपण नेमकं उलटं करतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओरडणं. ताक, ताट, तास हे शब्द घ्या. तिन्हीत 'ता' तोच, फरक फक्त शेवटच्या व्यंजनाचा, आणि क, ट, स हे आवाज मुळातच बारीक नि क्षणभराचे. आपण ओरडलो की 'ता' दणदणीत होतो आणि शेवटचं तेवढं वाढतच नाही, वर वयामुळे कान आधी वरच्या पट्टीचे आवाज सोडतो, म्हणजे 'स' वगैरे सगळ्यात आधी जाणार. मग काकांना फक्त ताऽ ऐकू येतं, आणि ते चिडतात ते वेगळंच. गंमत म्हणजे गोंगाटात आपला आवाज आपोआपच चढतो, एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्येच हे लिहून ठेवलंय, त्यामुळे एक टेबल ओरडायला लागलं की शेजारचंही ओरडतं. त्यापेक्षा जवळ जा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो (हॉलमध्ये घुमण्यामुळे थोडा कमी) आणि मागचा गोंगाट तेवढाच राहतो. शब्द सुटे बोला, जरा सावकाश, पण एकेक अक्षर तोडून नको, त्याने आणखी गोंधळ होतो.

दुसरी चूक, पाठ करून बोलणं. ओट्याशी उभं राहून, नळ सोडून, मिक्सर चालू ठेवून बाहेरच्या खोलीतल्या माणसाला प्रश्न विचारायचा आणि उत्तर आलं नाही की रागवायचं! समोरच्याचे ओठ दिसले की गोंगाटात खूप जास्त कळतं, हे १९५४ पासून माहीत आहे. खिडकीला पाठ करून बसलात तर तोंडावर अंधार येतो, तेही टाळा.

तिसरी चूक तेच वाक्य तसंच्या तसं चार वेळा म्हणणं. मेंदू अर्ध्या गोष्टी अंदाजाने भरून काढतो. रिचर्ड वॉरन या संशोधकाने १९७० मध्ये रेकॉर्डिंगमधला एक ध्वनी काढून तिथे खोकला टाकला, तर ऐकणाऱ्यांना काही गायब आहे हेच कळलं नाही. म्हणून आधी विषय सांगा, "काका, गाडीचं विचारतोय, किती वाजता निघायचं?" आणि पहिल्यांदा नाही कळलं तर शब्द बदला. परदेशात गेलेल्यांना हे नेमकं माहीत असतं, ऑफिसात इंग्लिश फाडफाड कळतं आणि पबमध्ये गेलं की अर्धं डोक्यावरून जातं, कारण मातृभाषेत जसा अंदाज बांधता येतो तसा तिथे येत नाही.

मग कानाची टेस्ट. "ऑडिओग्राम (ऐकण्याच्या टेस्टचा रिपोर्ट) नॉर्मल आहे, म्हणजे नाटक करतात" असं म्हणू नका हो. ती नेहमीची टेस्ट शांत खोलीत, नुसत्या बीप ऐकवून होते. ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाला, सरळ विचारा, गोंगाटात बोलणं किती कळतं याची टेस्ट करता का. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की मोठ्या आवाजानंतर बीप ऐकण्याची क्षमता परत येते पण कान आणि नस यांमधले बरेच जोड गेलेले असतात. माणसांत हे किती होतं यावर वाद चालू आहे.

कानाचं मशीन आणलं असेल तर ते ड्रॉवरमध्ये ठेवून थेट लग्नातच लावू नका, मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात, आधी घरात रोज लावा. दोन्ही कान कमजोर असतील तर शक्यतो दोन्हीकडे लावा, कारण आवाज कुठल्या बाजूने येतोय हे मेंदू दोन कानांतल्या सूक्ष्म फरकावरूनच ओळखतो. बऱ्याच मशीनचे माइक समोरचं जास्त पकडतात, म्हणून डीजेकडे पाठ करून बसा. एकच कान चांगला असेल तर तो बोलणाऱ्याच्या बाजूला. आणि ऑनलाइन मिळणारे स्वस्त अँप्लिफायर बहुतेक वेळा सगळंच मोठं करतात, बँडसकट.

हे सगळं हळूहळू वाढलेल्या त्रासाबद्दल झालं. एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येणं कमी झालं तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका, त्याच दिवशी ईएनटीकडे जा, त्यात उशीर झाला की औषधाचा उपयोग कमी होत जातो.