पडवीत बसून चार व्हिस्क्या चाखायच्या असतील तर

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी दरवर्षी एक गोष्ट व्हायची. मुंबईचा चुलतभाऊ एक बाटली आणणार, बोटीवर असलेला मेव्हणा ड्युटी फ्रीची दुसरी आणणार, शेजारचा मित्र तिसरी काढणार, आणि मग पहिल्या रात्री एक फोडून त्यात सोडा, कोल्ड्रिंक, बर्फ सगळं ओतून संपवायची, दुसऱ्या रात्री दुसरी. आठवड्याने विचारलं की यातली आवडली कुठली, तर कोणालाच सांगता यायचं नाही. मला याचं खरंच वाईट वाटायचं, एवढ्या लांबून एवढे पैसे घालून आणलेली वस्तू आणि तिची चव कोणी घेतलीच नाही. मग आम्ही पद्धत बदलली. सगळ्या बाटल्या एकाच संध्याकाळी उघडायच्या, पण प्रत्येकीतून थोडं थोडंच घ्यायचं आणि त्यावर बोलायचं.

थोडं म्हणजे किती, तर 15 एमएल, म्हणजे स्मॉल पेगचा अर्धा. चार व्हिस्क्यांचे चार घोट धरले तर माणशी 60 एमएल झाले, एक लार्ज पेग, आणि तेवढ्यात आख्खी संध्याकाळ जाते. 750 एमएलच्या खंब्यातून असे 50 घोट निघतात, त्यामुळे सहा माणसं बसली तरी एका बाटलीतून 90 एमएलच जातं. मोजायला पेग मेजर नसेल तर औषधाच्या बाटलीवरचं प्लास्टिकचं माप घ्या, त्यावर 15 ची खूण बहुतेक असतेच, फक्त स्वच्छ धुऊन घ्या, नाहीतर सगळ्याच व्हिस्क्यांना खोकल्याच्या औषधाचा वास येईल. चारपेक्षा जास्त ठेवू नका, पाचव्यापासून जिभेला काही कळत नाही.

ग्लास खाली फुगीर आणि वर तोंडाशी निमुळता हवा, कारण वास आत कोंडून राहायला पाहिजे. घरात वाइनचे ग्लास असतील तर तेच चालतील. स्टीलचे पेले नकोत, आणि सरळ उंच ग्लास असतील तर ओतल्यावर वर बशी झाकून दोन मिनिटं ठेवा आणि मग उघडून वास घ्या. नाक आत खुपसायचं नाही. साधारण 40 टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असतं, एकदम ओढलं की नाक सुन्न होतं आणि पुढचा अर्धा तास फुकट. ग्लास हनुवटीशी धरायचा, तोंड किंचित उघडं ठेवायचं आणि हळूच वास घ्यायचा. पहिला घुटका फक्त जीभ ओली करायला, तो जळजळतोच, त्यावरून काही ठरवू नका, खरी चव दुसऱ्या घुटक्याला कळते. नाक थकलं की स्वतःच्या कोपराचा वास घ्या आणि पाणी प्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यासाठीच मी हे लिहायला बसलो. बाटलीच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, यात अमुक बेरी आहे, तमुक टॉफी आहे, ते वाचून आपल्याकडची माणसं गप्प बसतात, कारण ती फळं कोणी खाल्लेलीच नसतात. ते खोकं आत ठेवून द्या आणि सगळ्यांना एवढंच विचारा, आपल्या घरातला, आपल्या वाडीतला कुठला वास आठवतो? आमच्याकडे पहिल्यांदा हे केलं तेव्हा काकूने नुसता वास घेतला (ती पीत नाही) आणि म्हणाली, "अरे, ह्येका तर ओल्या खोबऱ्याचो वास येता." आणि ती शंभर टक्के बरोबर होती! व्हिस्की लाकडी पिंपात मुरवतात, आणि अमेरिकन ओक लाकडात लॅक्टोन नावाची द्रव्यं असतात, त्यांचा वास नारळासारखाच येतो. अमेरिकेत बर्बन या तिथल्या व्हिस्कीसाठी कायदाच आहे की निदान 51 टक्के मका हवा आणि ती ओकच्या नव्या, आतून जाळलेल्या पिंपात मुरवायची. एकदा वापरलेलं पिंप त्यांना बर्बनसाठी परत वापरता येत नाही, म्हणून ती पिंपं विकली जातात आणि स्कॉटलंडपासून गोव्यापर्यंत जातात. त्यामुळे नारळ आणि व्हॅनिलाचा वास इतक्या व्हिस्क्यांमध्ये सापडतो.

शेरी नावाच्या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरलेली असेल तर खजूर, मनुका, आंबापोळी, फणसपोळी या बाजूचा वास येतो. सिंगल माल्ट म्हणजे काय हे आबांना (माझे मोठे काका) समजावताना मला नाचणी उपयोगी पडली. नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व करतो ना, तसंच सातूला (जवाला) मोड आणून वाळवतात, त्याला माल्ट म्हणायचं, आणि फक्त त्या माल्टपासून एकाच डिस्टिलरीत केलेली ती सिंगल माल्ट. ब्लेंडेड स्कॉचमध्ये (स्कॉच म्हणजे स्कॉटलंडची व्हिस्की) माल्टबरोबर इतर धान्याची व्हिस्की मिसळलेली असते, ती कमी दर्जाची असते असं अजिबात नाही. आणि आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्क्यांमध्ये उसाच्या मळीपासून काढलेलं स्पिरिट असतं, युरोपात ते व्हिस्की म्हणून विकताच येत नाही. त्या पिऊ नका असं मी म्हणत नाही, पण या खेळात त्या ठेवल्या तर बोलायला फारसं काही सापडणार नाही.

धुराची व्हिस्की हा प्रकार कोकणी माणसाला सगळ्यात लवकर कळतो असं माझं मत आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचं बेट आहे, तिथे दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजून दबलेलं गवत-शेवाळ, त्याला पीट म्हणतात, ते जाळून त्या धुरावर मोड आलेले सातू वाळवतात. तो धूर दाण्याला चिकटतो तो थेट बाटलीपर्यंत येतो. लाफ्रॉइग, आर्डबेग, लागावुलिन या तिथल्याच. मुंबईच्या भावाने वास घेतला आणि म्हणाला इस्पितळ! आबांनी मात्र डोळे मिटून बराच वेळ वास घेतला आणि म्हणाले, "भाजावळीचो वास हा, आणि वर सुकटीचो." पावसाआधी शेतात पालापाचोळा भाजतात तो धूर, आणि किनाऱ्यावरची सुकी मासळी. यापेक्षा चांगलं वर्णन मी आजपर्यंत कुठेही वाचलेलं नाही. म्हणून सांगतो, वहीत लिहून ठेवा कोण काय म्हणालं ते, पुढच्या वर्षी वाचायला फार मजा येते.

क्रम चुकवू नका. हलकी आधी, धुराची सगळ्यात शेवटी. एका वर्षी मी उत्साहात धुराची पहिली ओतली आणि नंतरच्या तिन्ही व्हिस्क्या सगळ्यांना धुराच्याच लागल्या, संध्याकाळ वाया गेली. आमचा आवडता क्रम सांगतो. सुरुवातीला आयरिश, उदाहरणार्थ जेमसन, ती तीनदा डिस्टिल केलेली असते म्हणून मऊ लागते, नवख्या माणसाला भीती वाटत नाही. मग एखादी बर्बन, जिम बीम वगैरे. तिसरी आपली गोव्याची पॉल जॉन, त्यातली ब्रिलियन्स घ्या, तिला धूर नाही. ही मडगावच्या पुढे कुंकळ्ळीला बनते, म्हणजे आपलाच किनारा, आपलाच दमटपणा, आणि त्याचा परिणाम चवीत आहे. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातली व्हिस्की वर्षाला साधारण 2 टक्के उडून जाते, गोव्याच्या उष्णतेत त्याच्या कितीतरी पट उडते आणि लाकडाचा गुणही तितकाच भराभर उतरतो. म्हणून आपल्याकडच्या माल्टवर 12 वर्षं, 18 वर्षं असा आकडा बहुधा नसतो, आणि नाही म्हणून कमी समजू नका. (स्कॉचवर जो आकडा असतो तो बाटलीतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचा असतो, स्कॉच किमान 3 वर्षं पिंपात असावीच लागते.) चौथी धुराची. आयलाची परवडत नसेल तर पॉल जॉन बोल्ड किंवा बंगळुरूची अमृत फ्यूजन घ्या, फ्यूजनमध्ये भारतीय सातू आणि स्कॉटलंडचे धुरावलेले सातू दोन्ही आहेत, पण ती 50 टक्क्यांची आहे हे ध्यानात ठेवा, पाणी लागेलच. सगळं एका माणसाने विकत आणायची गरज नाही, ज्याच्या घरी जी उघडी आहे त्याने ती घेऊन यावं.

पाण्याबद्दल भांडणं होतात, तर आधी तशीच चाखा, मग चमच्याने चार-पाच थेंब टाकून परत चाखा. पाण्याने वास खुलतो, 2017 साली स्वीडनच्या दोन संशोधकांनी कॉम्प्युटरवर गणित मांडून दाखवलं की पाणी घातल्यावर धुराचा वास देणारे कण पृष्ठभागाकडे सरकतात. पण पाणी चांगलं हवं. खाडीकाठच्या बोअरचं मचूळ पाणी घातलंत तर सगळं बिघडलं, विहिरीचं पाणी उकळून गार करून गाळून ठेवा. बर्फाने वास दबतो, म्हणून चाखताना नको. चाखून झाल्यावर जी आवडली तिच्यात भरपूर बर्फ आणि सोडा घालून निवांत बसा की, मे महिन्यात दिवे गेलेले असताना तेच बरं वाटतं. बर्बनमध्ये थोडं कोकम सरबत आणि सोडा, चिमूटभर मीठ, हे एकदा करून बघाच.

चखण्याची चूक सगळे करतात. मालवणी मसाल्याचा तिखटजाळ बांगडा आधी खाल्ला की जीभ गेली. चाखताना साधे भाजलेले काजू, काकडी, फार तर उकडलेल्या शेंगा. तिखट जेवण नंतर. एकच अपवाद, धुराच्या व्हिस्कीबरोबर कालवं. आयलाकडेही व्हिस्की आणि कालवं एकत्र खायची पद्धत आहे. ते कच्ची खातात, आपण मात्र नीट शिजवूनच, मीठ-हळद-कोकम आणि जरासं खोबरं, मिरची जवळजवळ नाहीच. शेरीच्या पिंपातल्या व्हिस्कीबरोबर आंबापोळीचा तुकडा.

घरच्यांसोबत बसायचं तर दोन गोष्टी पाळा. एक, आग्रह नाही. आपल्याकडे आग्रहाची फार सवय, पण तो माशाच्या तुकडीचा करावा, पेगाचा करू नये. ज्याला नको त्याला त्याच तऱ्हेच्या ग्लासात सोलकढी किंवा कोकम सरबत द्या आणि वास घ्यायला मात्र सगळ्या मोठ्यांना बोलवा, न पिणाऱ्यांचं नाक बहुतेक वेळा जास्त तयार असतं, काकूने ते सिद्ध केलंय. साखरेच्या, झोपेच्या, बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय घोटही घेऊ नये, आणि ते चारचौघांत विचारायचं नाही, आधी बाजूला घेऊन विचारायचं. दुसरी, वडीलधाऱ्यांना मान. आमच्याकडे बूच काढल्यावर पहिले दोन थेंब राखणदाराच्या (जागेची राखण करणाऱ्या देवाच्या) नावाने अंगणात जातात, मग आबांचा ग्लास, मग बाकीचे. लहानांसमोर आम्ही बसत नाही, त्यांची जेवणं उरकून ती आत गेली की मग.

महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय 25 पूर्ण लागतं आणि परवाना लागतो, एक दिवसाचा दुकानातही मिळतो. गोव्यात वय 21. पण गोव्यातली स्वस्त बाटली गाडीत टाकून आणू नका, तिथली दारू विनापरवाना इकडे आणणं गुन्हा आहे आणि गोव्याच्या हद्दीजवळच्या इन्सुली नाक्यावर गाड्या तपासतात. बसायचं तर ज्याला परत जायचंय त्याची झोपायची सोय आधी करा, घोट दोन घेतले काय नि चार घेतले काय, स्कूटरची चावी हातात द्यायची नाही. आणि समुद्रात पाय बुडवायलासुद्धा जायचं नाही. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावरची बातमी येते, आणि ज्या घरात ती येते त्या घराचं काय होतं ते मी जवळून पाहिलंय.

उरलेल्या बाटल्या उभ्याच ठेवा, आडव्या ठेवल्या तर अल्कोहोल बूच खातं. माझी एक चांगली बाटली अशीच कपाटात आडवी राहिली आणि उघडताना बूच भुगा होऊन आत पडलं, चहाच्या गाळणीतून गाळून वाचवली. ऊन आणि उजेड नको. पावसाळ्यात लेबलाला बुरशी येते, तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून लाकडी कपाटात. निम्म्याहून कमी उरली असेल तर आतल्या हवेने चव उतरत जाते, स्वच्छ छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, पट्टी चिकटवून नाव आणि तारीख लिहा. श्रावण आला की आमच्याकडे बंद, गणपतीत तर प्रश्नच नाही, त्यामुळे मे महिन्यात भरलेल्या त्या छोट्या बाटल्या आम्ही थेट दिवाळीत काढतो, वही शेजारी ठेवून.