गाडीवरचे बारीक ओरखडे घरीच काढायचे असतील तर

गोव्यात डिचोली-साखळीकडे गाडी फिरली की तांबडी धूळ बसतेच, आणि आपण घाईत त्यावर सुका फडका मारतो, अर्धे ओरखडे तिथेच पडतात. लगेच पेंटरकडे धावू नका, आधी ओरखड्यावरून आडवं नख फिरवून बघा. नख अडकलं तर तो खोल आहे, घासून जाणार नाही, टच-अपच (तेवढ्याच जागी रंग भरणं) लागणार, आणि पत्रा दिसत असेल तर पावसाच्या आधी कराच, आपल्या खाऱ्या हवेत गंज पटकन धरतो. नख अडकलं नाही तर:

१. गाडी सावलीत लावा, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. आधी नुसत्या पाण्याच्या धारेने माती जाऊ दे, मग कार शाम्पूने धुवून पुसा.

२. मायक्रोफायबरच्या कपड्यावर बारीक दाण्याचं रबिंग कंपाउंड (ओरखडे घासून काढायची पेस्ट) वाटाण्याएवढं घ्या आणि वीतभर जागेतच हलक्या हाताने ८-१० वेळा फिरवा, पुसून बघा, लागलं तर परत एकदा. दुसऱ्या गाडीला घासून बंपरला तिचा रंग लागतो ना, तोही बहुतेक वेळा असाच निघतो.

३. वरून वॅक्स.

आंब्याचा चीक किंवा पक्ष्याची घाण वाळली असेल तर खरवडू नका हां, ओला फडका १० मिनिटं ठेवा, मऊ झालं की उचलून घ्या.

दाराच्या आणि बॉनेटच्या कडांवर मात्र अजिबात जोर देऊ नका, तिथे रंग पातळ असतो, चटकन उडतो. मॅट रंगाच्या गाडीला तर कंपाउंड लावूच नका.