पोटाचा घेर आणि म्हातारी होणारी प्रतिकारशक्ती: चाळिशीनंतर काय करायचं

आपल्या कोल्हापुरात तब्येत म्हणजे ताकद असंच लहानपणापासून डोक्यात बसलेलं, त्यामुळं सुटलेलं पोट कुणी आजारात धरतच नाही. पण पोटातली चरबी नुसती पडून नसते भावांनो, तिच्यात प्रतिकारशक्तीच्या पेशी शिरतात आणि सूज वाढवणारी रसायनं सोडत बसतात, ताप नाही दुखणं नाही, पण बारीक सूज चोवीस तास चालू, जी एरवी म्हातारपणी दिसते. छातीच्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी असते, जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी तिथं तयार होतात, वयाबरोबर ती आक्रसते आणि लठ्ठ उंदरांत ती आणखी लवकर आक्रसलेली दिसलीय. माणसांत फ्लूच्या लशीनंतर लठ्ठ लोकांच्या अँटिबॉडी वर्षभरात जास्त उतरलेल्या सापडल्यात.

म्हणून आधी टेप घ्या, शिंप्याकडं असतो तसला. शर्ट वर करून सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध गुंडाळा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढायचं नाही, मग आकडा वाचा. पँटच्या साईजवर जाऊ नका, पँट आपण पोटाखाली बांधतो. पुरुष 90 सेमी, बायका 80 सेमी, त्याच्या वर असेल तर लगेच कामाला लागा.

आठवड्याला 150 मिनिटं रंकाळ्यावर चाला, बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये एवढ्या वेगानं. 2018 साली ब्रिटनमधल्या 55 ते 79 वयाच्या, वर्षानुवर्षं सायकल चालवणाऱ्यांचा अभ्यास आला, त्यांच्या थायमसमधून तरुणांइतक्या नव्या टी-पेशी येत होत्या, मला तर हे वाचून फार उभारी आली. जोडीला आठवड्यातून दोनदा जोर-बैठका, गुडघे धरत असतील तर खुर्चीवरून उठणं-बसणं.

उपाशी राहून वजन उतरवू नका, स्नायूही जातात. तांबडा-पांढरा सोडायची गरज नाही, फोडी खा, वरचा कट काढा, भात एकदाच घ्या. मिसळीला जादा पाव नको, दूध बिनसाखरेचं. वजन 5 ते 10 टक्के जरी उतरलं तरी शुगर, बीपीला फरक पडतो. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर मात्र जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस, दोन्हीबद्दल डॉक्टरांशी बोला. दंड जाड असेल तर सुई लांब लागते, नाहीतर लस स्नायूत न जाता चरबीतच राहते, तेव्हा टोचायच्या आधी सिस्टरना तेवढं आठवणीनं विचारा.